नक्कल, शिक्का आणि बिनबियांची द्राक्षं

पिंपळगाव, दिंडोरी, निफाड या पट्ट्यातून जानेवारी ते एप्रिल द्राक्षांच्या पेट्या बाहेर पडत असतात. पेटीतला थॉमसनचा एखादा मणी उभा चिरून पाहा. गराच्या मधोमध पांढरट, मऊ, जेमतेम दिसतील असे एक-दोन कण सापडतात. त्याच बिया. फलधारणा झाली, बी धरलं आणि वाढ मध्येच थांबली, म्हणून द्राक्ष बिनबियांचं. ती का थांबते याचं उत्तर २०१८ मध्ये स्पेनमधल्या संशोधकांच्या पुढाकाराने झालेल्या कामातून मिळालं. बियांच्या वाढीत ज्याचा मोठा हात असतो त्या एजीएल११ नावाच्या जनुकात एक अक्षर बदललेलं आहे. त्यामुळे प्रथिनाच्या साखळीत १९७व्या जागी आर्जिनिनऐवजी ल्युसिन बसतं. पन्नासएक कोटी अक्षरांच्या मजकुरात एक अक्षर चुकलं आणि त्या चुकीवर आज नाशिक जिल्ह्यातल्या हजारो घरांची चूल पेटते.

ही चूक नाशिकची नाही. थॉमसन सीडलेस म्हणजे मध्यपूर्वेकडच्या जुन्या सुलतानिना किंवा किशमिश वाणाचं अमेरिकी नाव. कॅलिफोर्नियातल्या विल्यम थॉमसन यांनी १८७०च्या दशकात तो वाण तिथे रुजवला. त्याच्याही कितीतरी आधी, कुठल्या तरी वेलीच्या एका पेशीने विभाजनाच्या वेळी आपल्या डीएनएची नक्कल करताना अक्षर चुकवलं, किंवा बिघडलेलं अक्षर दुरुस्त करायचं राहून गेलं. कुणा बागवानाला ते फळ आवडलं, त्याने काडी जपली. पुढेही हेच घडत राहिलं. तास-ए-गणेश हा तासगाव भागात थॉमसनच्याच बागेत वेगळा दिसलेला वाण. सोनाका आणि माणिक चमनही थॉमसनमधूनच निघाले. सोलापूरजवळच्या नान्नजचे नानासाहेब काळे यांनी सोनाका निवडला आणि काळ्या किशमिश चोर्नीतून शरद सीडलेस वेगळा काढला. यातल्या एकाही वाणासाठी कुणी परागीकरण करून संकर केला नव्हता. एका काडीवर वेगळे घड लागले, ते शेतकऱ्याच्या नजरेला पडले, त्या काडीचे डोळे बांधले गेले, एवढंच.

द्राक्ष हे सुटलेल्या चुकांचं पीक आहे. बागेत फिरताना मात्र याची उलट बाजू जास्त थक्क करते. एकरात हजाराच्या आसपास वेली, प्रत्येक वेलीवर डझनांनी काड्या, दर एप्रिलच्या आणि ऑक्टोबरच्या छाटणीनंतर नव्याने फुटणारे डोळे, आणि इतक्या पेशीविभाजनांतून वेगळी काडी दिसते ती वर्षानुवर्षांतून एखादी. चुका इतक्या कमी कशा सुटतात, हा गेल्या सत्तर वर्षांतल्या जीवशास्त्राचा एक मोठा प्रश्न आहे. त्याची बरीच उत्तरं मिळाली आहेत, काही अजून वादात आहेत.

आधी कामाचा आकार लक्षात घेऊ. माणसाच्या प्रत्येक पेशीत आईकडून ३२० कोटी आणि वडिलांकडून तेवढीच अक्षरं येतात. पेशी दुभंगण्याआधी ही सगळी ६४० कोटी अक्षरं सात-आठ तासांत उतरवून काढावी लागतात. हजारो ठिकाणी एकाच वेळी काम सुरू होतं आणि प्रत्येक ठिकाणी सेकंदाला पन्नासच्या आसपास अक्षरं लिहिली जातात. जिवाणू याच्या वीसपट वेगाने लिहितो. कांद्याचं तर विचारूच नका. लासलगावच्या बाजार समितीत ओतलेल्या ढिगातला कुठलाही कांदा उचला, त्याच्या डीएनएचा एक संच १६०० कोटी अक्षरांचा, म्हणजे माणसाच्या पाचपट आहे. माणसाच्या डीएनएतलं अक्षर न् अक्षर कामाचं आहे असा दावा करणाऱ्यांना कॅनडातले टी. रायन ग्रेगरी एकच प्रश्न विचारतात: मग कांद्याला पाचपट मजकूर कशासाठी लागतो? जीवशास्त्रात या प्रश्नाला ‘कांदा कसोटी’ असं नावच पडलं आहे. आपल्याकडे कांद्याने सरकारं हलवली, तिकडे तो सिद्धान्त हलवतो.

लिहिणाऱ्या एन्झाइमचं नाव डीएनए पॉलिमरेज. आर्थर कॉर्नबर्ग यांनी ते १९५६ मध्ये जिवाणूतून वेगळं काढलं आणि १९५९ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. जुन्या धाग्यावरच्या ए समोर टी आणि जी समोर सी बसवायचा, हे त्याचं काम. जोडी बरोबर असेल तरच ती एन्झाइमच्या खोबणीत नीट बसते, कारण बरोबर जोड्यांची रुंदी सारखी असते. तरीही चूक होते. ही अक्षरं म्हणजे शेवटी रेणू आहेत. त्यांतला एखादा हायड्रोजन क्षणभर जागा बदलतो आणि तेवढ्या वेळात जी समोर टी ची जोडी अस्सल वाटावी अशी जुळते. वॉटसन आणि क्रिक यांनी १९५३ मध्येच ही शक्यता बोलून दाखवली होती. एन्झाइम कितीही चोख असलं तरी रसायनशास्त्राच्या या लहरीपुढे त्याचा इलाज चालत नाही. केवळ निवडीवर भिस्त ठेवली तर लाखात एक अक्षर चुकेल. ६४० कोटींचा हिशेब करा: दर विभाजनाला ६४ हजार चुका. असा जीव फार पिढ्या टिकणार नाही.

म्हणून लिहिणारा हातच खोडतोही. पॉलिमरेजमध्ये मुख्य खोबणीपासून तीनएक नॅनोमीटर अंतरावर दुसरी एक खोबण असते. चुकीचं अक्षर बसलं की धाग्याचं टोक नीट चिकटत नाही, पुढचं लिखाण अडखळतं, टोक सुटून दुसऱ्या खोबणीत जातं आणि तिथे शेवटचं अक्षर छाटलं जातं. शुद्ध केलेल्या पॉलिमरेजमध्ये जोडण्याबरोबर तोडण्याचीही क्रिया दिसते, हे कोडं बरीच वर्षं पडून होतं. डग्लस ब्रुटलॅग आणि कॉर्नबर्ग यांनी १९७२ मध्ये दाखवून दिलं की तोडणं हा जोडण्याचाच भाग आहे. या तपासणीने चुका शंभरपट घटतात: ६४ हजारांच्या ६४०. अधूनमधून बरोबर बसलेलं अक्षरही छाटलं जातं, पण तेवढी उधळपट्टी पेशीला परवडते. ही खोडण्याची खोबण जन्मतः बिघडलेली असेल तर काय होतं, तेही माणसांत पाहायला मिळालं आहे. पॉलिमरेज एप्सिलॉनच्या जनुकात तसा दोष असलेल्या कुटुंबांत मोठ्या आतड्याचा कर्करोग कमी वयात होतो, हे २०१३ मध्ये सिद्ध झालं.

उरलेल्या ६४० चुकांचं काय, इथे खरी गंमत सुरू होते. पॉलिमरेज पुढे निघून गेलं आहे. मागे दुहेरी धाग्यात एका जागी जी समोर टी बसला आहे. यातला चुकीचा कोणता? दोन्ही अक्षरं आपापल्या जागी रासायनिकदृष्ट्या धडधाकट आहेत. दुरुस्ती करणाऱ्याने चुकून जुनं अक्षर बदललं तर चूक पुसली जाण्याऐवजी कायमची पक्की होईल. म्हणजे चूक सापडणं पुरेसं नाही, मूळ प्रत कोणती हे कळायला हवं. तलाठी कार्यालयात सात-बाराची नक्कल करताना हाच प्रश्न येतो आणि तो सोडवायची रीतही तीच आहे. जुन्या कागदावर शिक्का असतो, नुकत्याच उतरवलेल्यावर तो अजून उमटलेला नसतो. दोन्हींत फरक दिसला की बिनशिक्क्याचा कागद दुरुस्त करायचा.

काही जिवाणूंत हा शिक्का म्हणजे मिथाइल गट. ई. कोलाय हा जिवाणू आपल्या डीएनएत जिथे जिथे जी-ए-टी-सी अशी चार अक्षरं ओळीने येतात तिथल्या ए वर मिथाइल लावतो. नवा धागा लिहून झाल्यावर हा शिक्का बसायला थोडा वेळ लागतो. तेवढ्या वेळात नवं-जुनं ओळखता येतं. ही कल्पना रॉबर्ट वॅग्नर, मॅथ्यू मेसेल्सन आणि मिरोस्लाव्ह राडमान यांच्या सत्तरच्या दशकातल्या कामातून पुढे आली. ती परीक्षानळीत सिद्ध करण्याचं चिकाटीचं काम ड्यूक विद्यापीठातल्या पॉल मॉड्रिच यांनी केलं. न्यू मेक्सिकोतल्या रॅटन या छोट्या गावात त्यांचे वडील जीवशास्त्र शिकवत. १९६३ मध्ये त्यांनीच मुलाला हे डीएनए प्रकरण शिकून घे असं सुचवलं होतं. मॉड्रिच यांनी १९८३ मध्ये जिवाणूच्या अर्कात ही दुरुस्ती घडवून दाखवली आणि १९८९ मध्ये सुटी सुटी शुद्ध प्रथिनं एकत्र करून ती पुन्हा उभी केली.

त्यांतलं पहिलं प्रथिन म्यूटएस. ते डीएनएभोवती चिमट्यासारखं बसून पुढेमागे सरकत राहतं. चुकलेली जोडी आली की त्याची फेनिलअॅलानिनची एक बारीक पाचर त्या अक्षराशेजारी घुसते आणि डीएनए तिथे साधारण साठ अंशांत वाकतो. जोडी अस्सल असेल तर धागा ताठ राहतो, वाकत नाही, आणि म्यूटएस पुढे निघून जातं. ही रचना २००० मध्ये स्फटिकांच्या क्ष-किरण चित्रांतून डोळ्यांना दिसली. चूक अक्षर वाचून पकडली जात नाही, धागा किती सहज वाकतो त्यावरून पकडली जाते, हे मला या साऱ्या गोष्टीतलं सर्वांत सुंदर वाटतं. मग म्यूटएल येतं, म्यूटएच बिनशिक्क्याच्या धाग्यावर जी-ए-टी-सी गाठून तिथे काप घेतं. हा काप चुकीपासून हजार अक्षरं दूरही असू शकतो. कापापासून चुकीपर्यंतचा सगळा धागा उसवून फेकला जातो आणि पुन्हा लिहिला जातो. एका अक्षरासाठी शेकडो अक्षरांचा बळी, पण फळ मोठं आहे: चुका आणखी शंभर ते हजारपट कमी होतात. ६४० चुका आता एका विभाजनाला एखाद-दुसरीवर येतात, कधी एकही नसते.

माणसात असा मिथाइलचा शिक्का नाही. वनस्पतींतही नाही. आपल्या पेशीत नव्या धाग्यात जोडायच्या राहिलेल्या फटी असतात आणि नक्कल करणाऱ्या यंत्राभोवतीची पीसीएनए नावाची कडी एकाच दिशेने बसते. या दोन खुणांवरून नवा धागा ओळखला जातो. म्यूटएलचा मानवी अवतार स्वतःच काप घेऊ शकतो हे मॉड्रिच यांच्याच प्रयोगशाळेने २००६ मध्ये दाखवलं. यातले बारकावे अजून पक्के झालेले नाहीत. पाठ्यपुस्तकात मात्र जिवाणूचं चित्र छापून माणसाचंही तसंच असेल असा समज करून दिला जातो, तो टाळायला हवा.

मॉड्रिच यांना २०१५ चं रसायनशास्त्राचं नोबेल टोमास लिंडाल आणि अझीझ सांजार यांच्यासोबत मिळालं. त्या दोघांचं काम नकलेतल्या चुकांचं नव्हतं, नक्कल झाल्यानंतर मजकूर कुजण्याचं होतं. डीएनए हा अक्षय रेणू आहे असं एकेकाळी मानलं जाई. लिंडाल यांनी मोजून दाखवलं की शरीराच्या तापमानाला नुसत्या पाण्याच्या संपर्काने माणसाच्या एका पेशीतली दिवसाला दहा हजारांच्या आसपास अक्षरं गळून पडतात. सी चा यू होणं वेगळंच. तो यू शोधून उपटणारं एन्झाइम त्यांनी १९७४ मध्ये जाहीर केलं. सांजार यांनी उन्हातल्या अतिनील किरणांनी चिकटलेली अक्षरं तुकड्यासकट कापून काढणारी यंत्रणा उलगडली. ज्यांच्यात ती जन्मतः बंद असते त्या मुलांना दिवसाउजेडी बाहेर पडणं धोक्याचं असतं. वेलींची मात्र सोय आहे. त्यांच्या पानांत फोटोलायेज नावाचं एन्झाइम असतं, ते उन्हाने झालेली इजा उन्हाच्याच निळ्या प्रकाशावर दुरुस्त करतं. आपल्यासारख्या सस्तन प्राण्यांनी ते उत्क्रांतीत कुठेतरी गमावलं.

दुरुस्ती कुठवर पुरते आणि कुठे हात टेकते, हे पाहायला नाशिककरांना लांब जायला नको. लासलगावात भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेलं ‘कृषक’ हे विकिरण केंद्र २००२ पासून आहे. काढणीनंतर कांदा सुप्तावस्थेत असताना त्याला कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांची ६० ते ९० ग्रे मात्रा देतात. असा कांदा काही महिन्यांनी मधोमध कापला तर बाहेरच्या पाकळ्या रसरशीत असतात आणि आत, बुडाशी, जिथून हिरवा कोंब यायचा ती बारीक कळी तपकिरी पडून सुकलेली असते. किरण तर सगळ्या कांद्यातून सारखेच गेले, मग मेली फक्त कळीच का? कारण पाकळ्यांतल्या पेशींना यापुढे विभाजन करायचंच नाही. डीएनए तुटला तरी त्यांचं फारसं अडत नाही. कळीतल्या पेशींना कोंब काढायचा तर दुभंगावं लागतं, आणि तुटलेली गुणसूत्रं घेऊन दुभंगणारी पेशी जगत नाही.

दोन्ही धागे एकाच जागी तुटणं ही सर्वांत वाईट इजा, कारण तिथे पाहून उतरवायला शेजारचा धागाही शिल्लक नसतो. माणसाच्या पेशीत एका ग्रेमागे अशा ३५-४० तुटी होतात. कांद्याचा डीएनए पाचपट मोठा. ढोबळ हिशेबाने ६० ग्रेला त्याच्या पेशीत दहा हजारांच्या घरात तुटी होत असणार. पेशीजवळ उपाय दोन. तुटलेली टोकं दिसतील तशी एकमेकांना जोडायची, किंवा त्याच मजकुराची दुसरी प्रत शोधून तिच्यावरून नीट उतरवायचं. पहिला चटकन होतो पण अक्षरं गळतात. दुसरा चोख पण वेळखाऊ. स्तनाच्या कर्करोगाशी नाव जोडलं गेलेली बीआरसीए१ आणि बीआरसीए२ ही जनुकं या दुसऱ्या मार्गावरची. दहा हजार तुटींपुढे दोन्ही मार्ग थकतात.

विकिरण केलेला कांदा किरणोत्सारी होतो का, ही शंका आजही बाजारात ऐकू येते. होत नाही, कोबाल्टचे गॅमा किरण कांद्यातल्या अणूंना किरणोत्सारी बनवू शकत नाहीत. पण या तंत्राकडून जास्त अपेक्षाही ठेवू नये. ते कोंब थांबवतं. सड आणि वजनातली घट थांबवत नाही. म्हणूनच बहुतेक उन्हाळ कांदा आजही चाळीतच भरला जातो. लासलगावच्या या केंद्राला जगात नाव मिळालं ते आंब्यामुळे. २००७ मध्ये हापूस-केसरच्या पेट्या इथून अमेरिकेला गेल्या. किमान ४०० ग्रेच्या त्या मात्रेचं लक्ष्य होतं आंब्यातले कीटक. माणसाला चार-पाच ग्रेही प्राणघातक ठरतात, हे इथे लक्षात ठेवलेलं बरं.

मात्रेची दुसरी टोकाची बाजूही आहे. डेइनोकॉकस रेडिओड्युरान्स हा गुलाबीसर जिवाणू ५००० ग्रे पचवतो. १९५६ मध्ये अमेरिकेतल्या ऑरेगनमध्ये किरणांनी निर्जंतुक केलेलं डबाबंद मांस तरीही नासलं, तेव्हा तो सापडला. त्याचा डीएनए इतक्या मात्रेत शेकडो तुकड्यांत विखुरतो आणि काही तासांत पुन्हा सलग जुळतो. प्रत्येक पेशीत संपूर्ण मजकुराच्या चार ते दहा प्रती असतात, एका तुकड्यावरून दुसरा लिहिता येतो, आणि दुरुस्ती करणारी प्रथिनं स्वतः किरणांनी खराब होत नाहीत, हे त्यामागचं आज मान्य असलेलं स्पष्टीकरण. तुर्भ्याच्या भाभा केंद्रात या जिवाणूवर बरीच वर्षं काम चालू आहे. त्याच केंद्राने किरणांनी मुद्दाम चुका घडवून भुईमुगाचे वाणही दिले. अकोल्याच्या कृषी विद्यापीठासोबतचा टीएजी-२४ महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांना ठाऊक आहे.

आता पुन्हा वेलीकडे. प्राण्यांत बीजपेशी भ्रूणावस्थेतच बाजूला काढून ठेवलेल्या असतात, शरीरातली चूक पुढच्या पिढीत जात नाही. तरी प्रत्येक मूल साठ-सत्तर नवी अक्षरं घेऊन जन्मतं, बहुतेक वडिलांकडून. बापाचं वय वर्षाने वाढलं की त्यात सुमारे दोनाची भर पडते, असं आइसलँडमधल्या कुटुंबांच्या २०१२ च्या अभ्यासात दिसलं. वनस्पतीत असा आडपडदा नाही. डोळ्यातल्या पेशीची चूक काडीत येते, काडीतून घडात, आणि कलम बांधलं की थेट नव्या बागेत. मग शेकडो वर्षं काडीने वाढवलेले वाण चुकांनी भरून कसे गेले नाहीत? स्वित्झर्लंडमधल्या लोझानला, ज्याच्याजवळून १८०० मध्ये नेपोलियन गेला होता त्या २३४ वर्षांच्या ओकच्या दोन टोकांच्या फांद्या तपासल्या तेव्हा त्यांत जेमतेम १७ अक्षरांचा फरक ठामपणे सापडला. डोळ्याच्या गाभ्यातल्या पेशी फार कमी वेळा दुभंगतात, हे त्याचं एक कारण असावं.

दुसरं कारण वादग्रस्त आहे. २०२२ मध्ये ग्रे मनरो आणि डेटलेफ वायगेल यांच्या गटाने अॅरॅबिडॉप्सिस या छोट्या रोपाच्या अभ्यासावरून मांडलं की अत्यावश्यक जनुकांत चुका इतर ठिकाणांपेक्षा बऱ्याच कमी होतात. वनस्पतींतल्या म्यूटएसच्या एका भावंडाला, एमएसएच६ ला, एक जादा भाग असतो. तो चालू जनुकांवरची रासायनिक खूण ओळखून तिथे आधी दुरुस्ती पोचवतो, असा त्यांचा कयास. टीकाकारांचं म्हणणं, मोजलेल्या चुकांपैकी अनेक खऱ्या नव्हत्या, वाचन यंत्राच्या होत्या. मला टीका रास्त वाटते, पण खूण ओळखणाऱ्या त्या भागाचं अस्तित्व कुणी नाकारलेलं नाही. दुरुस्ती सगळीकडे सारखी पोचत नाही, एवढं धरून चालायला हरकत नाही. तेवढ्यावरून वनस्पती आपल्या सोयीची उत्परिवर्तनं निवडते, असं सांगणारे लेख मात्र बाजूला ठेवावेत.

सुटलेली चूक आपल्या पथ्यावर पडेलच असं नाही. द्राक्षावरच्या डाउनीच्या बुरशीने सायटोक्रोम बी या प्रथिनात १४३व्या जागी ग्लायसिनऐवजी अॅलानिन आणलं, पुन्हा एका अक्षराचा बदल, आणि स्ट्रोबिल्युरिन गटातली महागडी औषधं तिला दाद देईनाशी झाली. तेच औषध सलग फवारत राहिलं की ती एक चूक बागभर होते; औषधांचे गट आलटून पालटून वापरा असं कृषी शास्त्रज्ञ सांगतात त्यामागचं कारण हेच. नंदुरबार-गडचिरोलीपासून नाशिकच्या आदिवासी तालुक्यांपर्यंत आढळणारा सिकलसेल आजारही हिमोग्लोबिनच्या एका अक्षराचा. ए चा टी झाला. वडील-आई दोघांकडून ते अक्षर आलं तर आयुष्य वेदनेचं. एकाकडूनच आलं तर मलेरियापासून संरक्षण. म्हणून ती चूक टिकली. या आजाराच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ ला सुरू झाली.

आणि दुरुस्तीचं यंत्रच बिघडलं तर? १८९५ मध्ये अमेरिकेतल्या अॅन आर्बरला आल्ड्रेड वॉर्थिन या डॉक्टरांना त्यांच्याकडे शिवणकाम करणाऱ्या बाईने सांगितलं होतं की आमच्या घरात सगळे आतड्याच्या नाहीतर गर्भाशयाच्या कर्करोगाने जातात, मीही तशीच जाईन. ती तशीच गेली. वॉर्थिन यांनी त्या घराण्याची वंशावळ जमवली, हेन्री लिंच यांनी साठच्या दशकापासून अशी आणखी घराणी शोधली. १९९३ मध्ये कळलं की या रुग्णांच्या गाठींत एक-दोन अक्षरांची पुनरावृत्ती असलेले पट्टे लांब-आखूड झालेले असतात. यीस्ट आणि जिवाणूंवर काम करणाऱ्यांनी ही खूण लगेच ओळखली: असे पट्टे उतरवताना पॉलिमरेज घसरतं आणि ती घसरण निस्तरण्याचं काम म्यूटएसच्या यंत्रणेचं. त्याच वर्षअखेरीस माणसातलं एमएसएच२ हे जनुक सापडलं. ई. कोलायच्या मिथाइलमागे वीस वर्षं लागलेल्या लोकांचं काम थेट रुग्णाच्या खाटेपर्यंत येऊन पोचलं. मूलभूत संशोधनाचा उपयोग काय, असं विचारणाऱ्यांना मी हेच उदाहरण देतो.

याला आता लिंच सिंड्रोम म्हणतात. पाश्चात्त्य देशांतल्या अंदाजांनुसार सुमारे ३०० जणांमागे एकाला तो असतो. बिघाडाचा एक अनपेक्षित फायदाही पुढे आला. दुरुस्तीविना वाढलेल्या गाठीत हजारो चुका साठतात, त्यांतून विचित्र प्रथिनं तयार होतात आणि शरीराच्या प्रतिकारशक्तीला ती गाठ परकी म्हणून ओळखता येते. त्या शक्तीचा लगाम सोडणारं पेम्ब्रोलिझुमॅब हे औषध अमेरिकेत मे २०१७ मध्ये असा बिघाड असलेल्या गाठींसाठी मंजूर झालं. गाठ कुठल्या अवयवात आहे हे न पाहता, फक्त दुरुस्ती बंद आहे का हे पाहून दिलेली ती पहिलीच मंजुरी. २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग रुग्णालयाने गुदाशयाच्या कर्करोगाच्या अशाच १२ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. डोस्टार्लिमॅब हे याच जातीचं औषध एकट्याने दिल्यावर बाराही जणांच्या गाठी पूर्ण नाहीशा झाल्या होत्या. शस्त्रक्रिया नाही, किरणोपचार नाहीत. असे निकाल कर्करोगात सहसा वाचायला मिळत नाहीत. ही औषधं आपल्याकडे फार महाग आहेत, हेही खरं.

तपासणी मात्र त्या मानाने स्वस्त आहे, आणि आपल्याकडे ती मागितलीच जात नाही असं अनेकदा दिसतं. तुमच्या घरात मोठ्या आतड्याचा किंवा गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग दोन-तीन जणांना झाला असेल, त्यातलं एखादं माणूस पन्नाशीच्या आतलं असेल, तर शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीच्या तुकड्यावर एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२ आणि एमएसएच६ या चार प्रथिनांची तपासणी करा असं डॉक्टरांना सांगा. अहवालात एखादं प्रथिन गैरहजर निघालं तर जनुकीय सल्ला घ्या. मुंबईच्या टाटा रुग्णालयात त्यासाठी स्वतंत्र विभाग आहे. आणि दोष आढळलेल्या भावंडांची, मुलांची मोठ्या आतड्याची दुर्बीण तपासणी विशीच्या मध्यापासून दर एक-दोन वर्षांनी करून घ्या. गाठ कर्करोगाची होण्याआधीच काढता येते.